सामान जागेवर आहे

थोरलीचा गुडघा दाबून बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "चढ आता बंद. यंदा तळ्यावर जायचंच असेल तर जाऊन या. पुढच्या वर्षी विचारायलासुद्धा येऊ नका." तिनं घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं कुलपांचं दुकान. तो एका अडकलेल्या कुलपात तार घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मग तुला काय फरक पडतो? तू कुठं वर चढतेस? तू तर कातळापर्यंतच असतेस."

घ्या! म्हणजे जणू हिलाच वर जायची हौस नव्हती.

या कातळाचं प्रकरण सांगायलाच हवं. गावातून तळ्याकडे जाणारी वाट जंगलातून चढत चढत एका सपाट कातळाशी येते आणि तिथून पुढे नुसता खडा चढ. ओझं घेऊन तो चढणं जिकिरीचं. म्हणून डबे, थर्मास, सतरंज्या कातळावर ठेवायच्या, तळं बघून यायचं आणि उतरताना तिथं जेवायचं, अशी या घराची दरवर्षीची रीत. सामानाजवळ कोणीतरी बसायला हवं, हे ओघानं आलंच. लग्नानंतर पहिल्यांदा थोरली बसली ती चपलेचा अंगठा तुटला म्हणून. पुढच्या वेळी पोटुशी होती. त्याच्या पुढे धाकट्या जावेचं लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं. मग कारण लागेनासंच झालं. ती लाल छत्री उघडून बसायची, आणि बाकीचे "काय पाणी होतं, वा!" म्हणत उतरले की डबे उघडायची.

शिवणाच्या मशीनवर ती गिऱ्हाइकांना तळ्याचं वर्णनही करायची. निळंशार आहे, तळ दिसतो, वगैरे. सगळं ऐकीव.

यंदा मात्र पहाटे पावाला लोणी लावता लावता तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज मी वर येणार."

"या की वहिनी, कोण नको म्हणतंय?" दीर म्हणाला आणि त्यानं डब्यातलं एक उकडलेलं अंडं उचललं.

दुकानांची शटरं उघडायच्या आत ते निघाले. शेवटच्या घराच्या कुत्र्यानं पुलापर्यंत सोबत केली आणि मग जंगल सुरू झालं. उंच झाडांमधून ऊन तिरपं खाली येत होतं, दोन्ही अंगांना नेच्यांची झुडपं, आणि वाटेच्या कडेनं ओढा खाली धावत होता. दर वळणावर थोरली दम खायला थांबायची, पण आज तिला त्या थांबण्याचं काही वाटत नव्हतं. गुडघा ठणकत होता, मन मात्र पोरीसारखं पुढे पळत होतं.

कातळ आला. थोरली घटकाभर टेकली आणि तिथंच घोटाळा झाला. नवऱ्यानं पिशवी तिच्या उजवीकडे ठेवली, दिरानं डबे डावीकडे, जावेनं सतरंज्या पुढ्यात. "बस" असं कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

"अगं, मी येणार म्हटलं होतं ना?"

"ताई, त्या गुडघ्यानं?" जाऊ म्हणाली. "आणि तुमचं तर बघून झालंय."

"कधी?"

"कधी म्हणजे? दरवर्षी तर येता!"

जाऊ खोटं बोलत नव्हती, हीच तर चीड आणणारी गोष्ट. तिला खरंच तसं वाटत होतं. नवरा तोवर दिराशी माशांबद्दल बोलत वळणाआड गेलाही होता.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर या लोकांचे डबे राखले, आणि तिनं तळं पाहिलंय की नाही एवढंही यांना ठाऊक नसावं? जाऊही त्यांच्या मागोमाग वर गेली. मग डब्यांकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बसा आता तुम्हीच एकमेकांजवळ!" आणि मिटलेली छत्री काठीसारखी रोवत चढाला लागली.

कुठे मुळं धरून, कुठे चक्क रांगत ती चढली. शेवटच्या धोंड्यावरून अंग वर ओढलं आणि समोर तळं होतं. निळं अजिबात नव्हतं. गडद हिरवं होतं, पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा होता, आणि वारा आला की तो डोंगर हलायचा. हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. आनंदानं की संतापानं कोण जाणे, तिला रडू फुटलं.

"अगं!" नवरा ओरडला. "सामान कोणाजवळ?"

इतक्या वर्षांत बायको पहिल्यांदा तळ्यावर आली, तर हे स्वागत! उत्तराची वाट न बघता तो काठावरच्या एका सपाट दगडाकडे धावला, खाली वाकून बघितलं आणि सुस्कारा सोडला. "आहे बाबा. दिसतंय."

थोरली त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. खाली, झाडांच्या फटीतून, कातळ स्वच्छ दिसत होता. डबेसुद्धा मोजता आले असते.

"इथून कातळ दिसतो?"

"दिसतो की! माझं लक्ष असायचं ना." तो कौतुकानं सांगू लागला. "मधूनमधून येऊन बघायचो. तुझी लाल छत्री दिसली की समजायचं, सामान जागेवर आहे."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला दिसत होते."

"दिसत होतीस म्हणून तर निर्धास्त होतो!"

"एकदा तरी हाक मारलीत? हात केलात?"

"एवढ्या लांबून तुला काय कळणार?"

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान शेळ्यांना हाक तरी देतो. थोरलीनं डोळे पुसले आणि छत्री त्याच्या हातात दिली.

"जा. सामान उघड्यावर आहे."

"मी? अगं, मी आत्ताच तर..."

"तुमचं बघून झालंय."

त्यानं भावाकडे पाहिलं. भावाला नेमका त्याच वेळी पाण्यात मासा दिसला. जाऊ पदराशी चाळा करत राहिली. शेवटी कुलूपवाला काहीतरी पुटपुटत उतरणीला लागला.

थोरलीनं चपला काढल्या आणि त्या सपाट दगडाच्या तळ्याकडच्या टोकाशी पाय पाण्यात सोडून बसली. पाणी इतकं गार होतं की गुडघ्याची ठणकसुद्धा गप्प झाली.

बऱ्याच वेळानं जाऊ हळूच म्हणाली, "ताई, दादा रागावले असतील हो. एकटेच बसलेत खाली."

थोरलीनं मान वळवून खाली बघितलं. कातळावर लाल ठिपका उघडला होता.

"छत्री दिसतेय ना?" ती म्हणाली. "मग झालं. सामान जागेवर आहे."