भिंगरी, जेवलीस का?

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून काज-बटणांच्या कमाईतून मी पैसे बाजूला काढून दिले, तर दोन महिने नुसतं उद्या जातो, परवा जातो. आणि दुपारी घरी आले की चार घास खाऊन फोन घेऊन जिन्यात. मी काय दूधखुळी आहे? म्हटलं, केस पांढरे झाले आणि आता ह्यांना चळ लागलाय.

एका दुपारी जेवून हे जिन्यात न जाता लवंडले, तशी मी फोन उचलला. एक विशी-बाविशीची मुलगी लाइव्ह बसून लोकरीच्या टोप्या विणत होती. टाकेसुद्धा धड नाहीत हो! पण बघणारे शेकडो. कोणी पैसे पाठवले की ती मान वर करायची, त्याचं नाव घ्यायची, हसून दोन शब्द बोलायची. बस्स, एवढ्यासाठी लोक पैसे टाकत होते. ह्यांनी किती टाकलेत ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दोन चष्मे झाले असते.

मी तिथेच लिहिलं, 'हा माझ्या नवऱ्याचा फोन आहे. पन्नाशी उलटलेला माणूस आहे. लाज वाटत नाही त्याचे पैसे घ्यायला?' पण इतकी माणसं लिहीत होती की माझं लिहिणं वाहूनच गेलं. फुकटच्या बोलण्याला तिथंही कोणी विचारत नाही. शिव्या घालायच्या तरी पैसे मोजा, घ्या! रागाच्या भरात मी पैसे पाठवून पुन्हा तेच लिहिलं.

मुलीनं मान वर केली. "अय्या, भिंगरी आली! आज उशीर केलास गं? जेवलीस का?"

बघते तर ह्यांनी तिथं स्वतःच्या नावाच्या जागी 'भिंगरी' लिहिलेलं.

भिंगरी म्हणजे आमची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मीच ठेवलेलं नाव. दोन वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, पाच दिवसांच्या तापात गेली. नाव निघालं की माझा जीव कासावीस व्हायचा, म्हणून मीच घरात बजावलं होतं, पुन्हा हे नाव कोणी उच्चारायचं नाही. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, विसरले. पुरुषांचं काय!

तोवर त्या मुलीनं माझं लिहिलेलं वाचलं. तिच्या सुया थांबल्या, चेहरा उतरला. "शी," एवढंच म्हणाली. मी घाईघाईनं लिहायला लागले, 'बाळ, तसं नाही गं, ऐक,' पण तिनं आम्हाला बाहेर काढलं होतं. परत आत शिरताच येईना.

हे जागे झाले. फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ती जेवलीस का म्हणून विचारायची," हे म्हणाले. "तेवढं ऐकलं की दिवस निघायचा. नाहीतर पोरीला हाक मारायला राहिलंय कोण?"

"अहो, मग मला सांगायचंत ना!"

"तुला कसं सांगणार? तूच तर बंदी घातलीस."

दोन वर्षं मी माझंच दुःख कुरवाळत बसले होते. ह्यांचं कुठे ठेवलंय ते एकदाही विचारलं नाही.

ह्यांनी शर्टाच्या खिशातून एक नोट काढली आणि माझ्यापुढच्या काज-बटणांच्या कपड्यांच्या ढिगावर ठेवली. चेष्टा नव्हती हो ती. पैसे दिल्याशिवाय ते नाव कोणी घेत नाही, अशी त्या माणसाला सवयच झाली होती.

"एकदा तू घे ना," म्हणाले.

मी नोट त्यांच्या मुठीत कोंबली. मग एकदम जोरात हाक मारली, ती खाली मैत्रिणींशी गप्पा छाटत बसायची तेव्हा मारायचे तशी, "भिंगरेऽ, वर ये, जेवायला वाढलंय!"

आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे दाराकडे बघत राहिलो.