आठवर ठेवलेली लाट

धाकट्या जावेचं नाव काढलं तरी थोरलीचं डोकं फिरायचं. कारण होतं दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. थोरलीच्या नवऱ्याने त्या टाकीत नखाएवढ्या तुकड्यापासून प्रवाळ वाढवलं होतं. तो वारला तेव्हा ते ओंजळभर झालं होतं आणि हेलकाव्यावर त्याची मऊ बोटं डुलायची. त्याच्या हातचं जिवंत असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

टाकीत लाटा उठवायला पंप होता, त्याला एक ते दहा आकड्यांचं बटण. नवरा ते चारवर ठेवायचा. पण भिंतीपलीकडेच धाकटीचा पलंग, आणि घरघरीने म्हणे बाईसाहेबांचं डोकं उठायचं! दुपारची जेवणं झाली की ती गुपचूप बटण एकवर आणायची. थोरलीने दोनदा पकडलं, दोनदा चांगलं फैलावर घेतलं. धाकटी ढिम्म.

मग थोरलीनेही इरेला पेटून ठरवलं, ही दुपारपासून पाणी मंद करते काय? तर मी सकाळी आठ करीन! सहा महिने हेच चाललं, सकाळी आठ, दुपारी एक. प्रवाळ मजेत होतं.

धाकटी नवऱ्याला घेऊन आठ दिवस माहेरी गेली. "सुटले बाई एकदाची!" म्हणत थोरलीने बटण आठवर ठेवलं ते ठेवलंच.

पाचव्या दिवशी प्रवाळाची बोटं आत ओढलेली दिसली. सातव्या दिवशी मांस सालासारखं सुटून पाण्यात फिरायला लागलं, खाली पांढरा सांगाडा. "जाताना काहीतरी टाकून गेली सटवी!" तिने टाकीच्या कारागिराला तातडीने बोलावून घेतलं.

त्याने पाणी तपासलं, वाकून पंपाचं तोंड पाहिलं. "पाण्यात काही नाही हो. सरळ मारा बसलाय याला. हे हेलकाव्यावर जगतं, फवाऱ्यात नाही. आठवर कुणी ठेवलं?"

"सहा महिने मी रोज आठवरच ठेवते!" थोरली तडकली.

"शक्यच नाही. पहिल्याच आठवड्यात सोलून निघालं असतं. रोज कुणीतरी कमी करत असणार, म्हणून तर इतके दिवस तगलं."

थोरलीने हात लांबवून पंप बंद केला.

दुसऱ्या दिवशी धाकटी आणि भावजी परतले. बॅग खांद्यावर असतानाच सवयीने धाकटीचा हात बटणाकडे गेला आणि थबकला. पंप बंद होता.

"अगंबाई! वहिनी, हे काय झालं?"

खरं काय ते थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. भावजी दारात उभे राहून ऐकत होते.

"तूच मारलंस," ती म्हणाली. "रोज पाणी कमी करून करून मारलंस त्याला."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच धाकटीची मान खाली गेली. "चुकलंच माझं, वहिनी," ती रडत म्हणाली. "दादांची आठवण होती ती."

"हं," थोरली म्हणाली, आणि तो पांढरा सांगाडा उचलून बेसिनकडे धुवायला गेली.