आतली कडी

सुईताईंनी कडीचा दांडा दोन्ही मनगटांच्या मध्ये धरला आणि श्वास रोखून ओढला. मनगटं निसटली. दांडा तसूभरही हलला नाही.

गाऊन कसाबसा डोक्यातून घातला होता, पण पुढची बटणं उघडीच राहिली होती. आंघोळ अर्ध्यावर असताना वीज गेली, बादलीत उरलेलं पाणी निवलं आणि त्या गार पाण्याने बोटं पार आखडली. कडी लावताना काही अडचण आली नव्हती. तळहाताच्या बुडाने एक धक्का दिला की ती सरकायची. ओढायला मात्र चिमूट लागते, आणि चिमटीत काही धरण्याचं त्यांच्या बोटांनी केव्हाच सोडलं होतं.

हीच बोटं एके काळी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त काढायची. तान्ह्या मुलाची शीर सापडेना की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "सुईताईंना बोलवा." नाव तेव्हा पडलं ते पडलंच. पुढे संधिवाताने एकेक बोट वाकवत नेलं. आता पेरांवर सुपारीएवढ्या गाठी होत्या, आणि हात टेबलावर ठेवला की तो दुसऱ्याच कोणाचा तरी विसरून राहिल्यासारखा दिसे.

त्या आंघोळीच्या स्टुलावर बसल्या. ओरडायचं तर ऐकणार कोण? मुलगा कामावर होता, सून बाजारात गेली होती. आणि सून घरात असती तरी ओरडल्या नसत्या.

मागच्या खेपेला त्या अशाच अडकल्या होत्या तेव्हा मुलगा कामावरून धावत आला होता. खांद्याने दार फोडून आत आल्यावर त्याने आईला टॉवेलात गुंडाळलं आणि लहान मुलासारखा रडला. त्या रडण्यापुढे त्यांना काही बोलता आलं नाही. मग एकेक सुरू झालं. गॅसजवळ जायचं नाही. जिना उतरायचा नाही. त्यांच्या खोलीची कडी काढून टाकली. फोन गळ्यातल्या पिशवीत, आंघोळीलासुद्धा. न्हाणीघराला नवीन कडी बसवून घ्यायला त्यांना दोन दिवस जेवण टाकावं लागलं. तेव्हा मुलगा म्हणाला होता, "ठीक आहे. पण पुन्हा असं झालं तर कडी काढणार, आणि आंघोळ घालायला बाई ठेवणार. मग माझ्याशी वाद घालायचा नाहीस."

हे सगळं पाहायला सून होती. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून ती घरी बसली होती. शब्दाला महाग पोरगी. पाणी हवं का, गोळी घेतली का, उठू नका. एवढंच. सुईताईंना ती पहाऱ्यावर नेमल्यासारखी वाटे. चोवीस तास एका घरात राहून दोघींमध्ये धड चार वाक्यं होत नसत.

फोनच्या पडद्यावर मुलाचा फोटो होता. बोटाचं पेर त्याच्यावर टेकवलं की तो अर्ध्या तासात दारात हजर झाला असता. सुईताईंनी पेर खाली सरकवलं. खाली संस्थेचा नंबर होता.

संधिवात असलेल्यांसाठी काम करणारी ती संस्था एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. सुईताई तिथे एकदाच गेल्या होत्या, जिना बंद होण्याआधी. त्या दिवशी चमच्याला लावायची जाड मूठ मिळाली होती, हे स्टूल मिळालं होतं आणि हा नंबर. फोनवर बसणाऱ्या सगळ्यांनाच हे दुखणं आहे, असं तिथे सांगितलं होतं.

"बोला," पलीकडून बाईचा आवाज आला. सुईताईंनी स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवला.

"मी न्हाणीघरात अडकलेय. कडी निघत नाही."

"पडलात का? कुठे लागलंय?"

"नाही."

"घरात कोणी आहे?"

"नाही. आणि कोणाला कळवायचं नाहीये."



"हे बघा ताई, तुमचं ऐकते. पण तुम्हाला चक्कर आली, थंडी भरली, किंवा मला वाटलं की आता हे जमत नाही, तर मी कोणाला तरी पाठवणार. आमचा तसा नियम आहे. चालेल?"

 इथेही तेच. पण बाई निदान विचारत तरी होती.

"चालेल."

"मग आधी हात काखेत घाला."

"काय?"

"उजवा डाव्या काखेत, डावा उजव्या. गार हातांनी काही व्हायचं नाही. लाजू नका, मला दिसत नाहीये."

सुईताईंनी हात काखेत घातले. अंगावर शहारा आला.

"जीव मुठीत धरून बसलात ना?" बाईने विचारलं.

"मूठ वळत असती तर इथे कशाला बसले असते?"

फोनमधून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. पांढऱ्या फरशांवर तो घुमला. या न्हाणीघरात कोणी हसल्याचं सुईताईंना आठवेना.

हात ऊब धरेपर्यंत बाई बोलत राहिली. तिला हे दुखणं लागलं तेव्हा तिचा मुलगा रांगत होता. त्याला उचलून घेता येत नसे, म्हणून ती जमिनीवर आडवी व्हायची आणि तो अंगावर चढायचा. "लोकांना वाटायचं मी खेळतेय," ती म्हणाली. 

"तुमचा मुलगा आता...?"

"दूर असतो. फोन करतो, ये म्हणतो. मी जात नाही. त्याच्या घरात मला फार जपतात."

 सुईताईंनी हात आणखी घट्ट दाबले.

मग साबण. ओला करून दांड्यावर चोळायचा, कडी सरकते त्या खाचेतही. साबण दोनदा हातातून सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो दोन्ही तळहातांत धरून, प्रार्थनेला बसल्यासारखा, दांड्यावर घासला. मग लांब टॉवेल. त्याचं एक टोक दांड्याच्या मागून घालून पुढे घ्यायचं. हे सगळ्यांत अवघड होतं. टोक आत जाई आणि मागे पडे. दातांनी धरून पाहिलं. तेवढ्यात बाहेर काहीतरी वाजलं. पुढचं दार? सुईताई दातांत टॉवेल धरून तशाच उभ्या राहिल्या. कोणी हाक मारली नाही. शेजारच्यांचं दार असेल.

"ताई? आहात ना?"

"आहे."

"दमलात. आवाजावरून कळतंय. आता मुलाला कळवू या का? यात कमीपणा नाही."

"नाही!" आपला आवाज इतका चढेल असं सुईताईंना वाटलं नव्हतं. "ही एवढी एकच जागा राहिलीय हो. दार लावता येतं अशी. ही गेली की मग मी सामानच झाले. मला करू दे. थोडा वेळ अजून. मला करू दे."

डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

"बरं," बाई हलक्या आवाजात म्हणाली. "टॉवेल आला बाहेर? दोन्ही टोकांची गाठ नको मारू, ती तुला जमणार नाही. टोकं कोपराभोवती गुंडाळ आणि कोपर मिटून घे. पायाखाली कोरडं आहे ना? आता हाताने ओढायचंच नाही. अंग टाकायचं बाजूला, भिंतीवर. सावकाश."

बाई कधी एकेरीवर आली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

सुईताईंनी कोपर मिटलं. डोळे मिटले. खांदा भिंतीकडे नेत सगळं वजन तिकडे टाकलं. टॉवेल ताणला गेला, पिळवटला, खांद्यातून कळ निघाली. काहीच झालं नाही. पुन्हा. आणि मग लोखंडाने एक कोरडा आवाज केला आणि त्या भिंतीवर आपटल्या.

कडी निघाली होती.

त्यांनी पायाने दार ओढलं. बाहेर बोळकांडीत, समोरच्या भिंतीला टेकून, सून जमिनीवर बसली होती. एका पायात चप्पल तशीच. बाजूला बाजाराची पिशवी आणि तिची खांद्याची बॅग. मांडीवर स्क्रू ड्रायव्हर.



"कधी आलीस?"

"मघाशीच."

"मग हाक का नाही मारलीस?"

सुनेने स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं. "बिजागऱ्या काढायच्या म्हणून आणला होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, मला करू दे." ती थांबली. "म्हणून बसले."

तिचे डोळे लाल होते.  सून उठली, पुढे आली आणि न विचारता त्यांची बटणं लावू लागली. दुसऱ्या बटणावर थांबली.

"लावू?"

"लाव."

शेवटचं बटण राहिलं असताना बॅगेत फोन वाजला. सुनेने तो काढला, नवऱ्याचं नाव पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम पाटीसारखा कोरा झाला.

"हां. आलेय बाजारातून मघाशीच. हो, ठीक आहेत. फोनवर कोणाशी तरी बोलतायत म्हणून लागत नसेल. आंघोळ झाली." तिने सासूकडे पाहिलं. "कडी? नाही, नुसतं लोटून घेतलं होतं. हो, मी दाराबाहेरच होते. नाही, मी कुठे नाही जात. नाही हो. सांगितलं ना, नाही जात कुठे."

फोन तिने बॅगेत टाकला.  तिचे हात सुईताई पाहत राहिल्या. गोरे, सरळ, एकही गाठ नसलेले.

"हॅलो?" न्हाणीघरातून आवाज आला. फोन स्टुलाखाली पडला होता. "ताई? उघडली का? काहीतरी बोल ना गं!"

सून आत गेली आणि फोन उचलून बाहेर आली. तो सासूला द्यायचा सोडून ती तसाच हातात धरून उभी राहिली.

"मी बोलू यांच्याशी?"

"तू?"

सुनेने फोन कानाला लावला. "उघडली," ती म्हणाली. "हो, बऱ्या आहेत. मी त्यांची सून." मग ती ऐकत राहिली. "नाही, मला काही होत नाही. माझे हात चांगले आहेत." ती भिंतीकडे वळली. "तुम्ही... ज्यांना काही होत नाही त्यांच्याशी बोलता का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण सून हळूहळू खाली बसली, गुडघे जवळ घेतले आणि कपाळ त्यांच्यावर टेकवलं.

जमिनीवरच्या बॅगेत फोन पुन्हा वाजू लागला. सुनेची पाठ ताठ झाली.

सुईताई खाली वाकल्या. गुडघ्यांतून कळ आली, ती त्यांनी जाऊ दिली. बॅगेचा पट्टा कोपरात अडकवून त्या ती आतल्या खोलीत घेऊन गेल्या, पलंगावर ठेवली, तिच्यावर एक उशी ठेवली, मग दुसरी, आणि त्यांच्यावर स्वतः बसून राहिल्या.