पिस्तूल होतं ना, दादा?

"पिस्तूल होतं ना, दादा? रायफल नव्हती ना?"

प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच धाकट्या बहिणीने हेच विचारलं. पेट्रोल पंपावरच्या दरोड्यात तिचा मुलगा गेल्याला आठवडाही झाला नव्हता. डोळे कोरडे होते.

दादाने तिला बाकावर बसवलं, चहा आणून दिला. बंदुकांच्या या प्रयोगशाळेत त्याची उभी हयात जेलीचे ठोकळे ओतण्यात गेली होती. मांसाइतकी घट्ट जेली बनवायची, साहेबांनी तिच्यात गोळी झाडली की ती चिरून आतली वाट मोजायची. भाच्याचं प्रकरण घरचं म्हणून दुसऱ्या टेबलावर दिलं होतं. तरी शरीरातून काढलेली गोळी त्याच्या नजरेस पडलीच. पिस्तुलाची. टोकाला खड्डा असलेली, आत जाऊन फुलासारखी उमललेली.

"पिस्तूल म्हणजे लहानसंच. त्रासही कमी झाला असेल," बहीण म्हणाली.

"तसं नसतं गं." साहेबांना मापं सांगताना निघायचा तसाच त्याचा आवाज निघाला. "पिस्तुलाची गोळी त्या मानाने हळू. आत पसरली तरी वाटेत येईल तेवढंच फाडते. माणूस बराच वेळ शुद्धीवर राहू शकतो. रायफलच्या गोळीला भयंकर वेग. आजूबाजूचंही फाडत जाते. आमचा ठोकळा जागेवरून उडतो."

"मग?"

"मग कळायच्या आत संपतं सगळं."

तिने कप खाली ठेवला. "आपल्या पोराला कुठली लागली?"

"रायफलची."

खोटं सहज तोंडातून गेलं. त्याला लाज वाटली नाही, की हलकंही वाटलं नाही.

"म्हणजे त्याने मला हाक नसेल मारली."

"नाही. वेळच नव्हता."

तिने मान हलवली, उरलेला चहा संपवला आणि ती गेली. तो आत जाऊन पुढचा ठोकळा ओतायला लागला.

खटला उभा राहिला तेव्हा कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. बहीण पुढे बसली होती, तो मागे भिंतीला टेकून उभा होता. साक्षीला आलेल्या, दुसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी गोळीची पुडी वर धरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पिस्तुलाची."

बहिणीची पाठ हलली नाही. पंखा फिरत होता. वकील पुढचं काही विचारत होते, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये, बस दादा," मान न वळवता ती म्हणाली. "किती वेळ उभा राहशील?"