थोरलीचे नवे दिवे

दिव्यांचा खोका घरी आला त्या दिवसापासून काकूंना चैन पडेना. टेबलावरचा खोका उचलून त्यांनी कपाटावर ठेवला, कपाटावरून काढून पलंगाखाली ढकलला आणि काकांनी विचारलं तेव्हा मुकाट्याने परत टेबलावर आणून ठेवला. लेकीने हौसेने काही पाठवावं आणि आईने ते घरभर लपवत फिरावं, हे कोणाला सांगून पटलं नसतं. म्हणून काकू कोणाला सांगतही नव्हत्या.

आपल्याला दोन मुली, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. थोरली म्हणजे अंगणातली जुनी जीप आणि धाकटी म्हणजे पोटची लेक. जीप लेकीच्या आधी घरात आली, म्हणून मोठेपणाचा मान तिचा. काकांनी सगळी हयात जमीन मोजण्यात घालवली होती. डोंगर, ओढे, काटेरी रानं, जिथे रस्ता संपायचा तिथून थोरलीचं काम सुरू व्हायचं. समोरच्या डोंगरावर माणसाने धरलेली मोजणीची काठी काकांना दुर्बिणीच्या आधी नुसत्या डोळ्यांनी दिसायची, हे त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. काका स्वतः तर सांगतातच, आणि समोरचा जांभया द्यायला लागेपर्यंत सांगतात.

त्याच काकांना गेली दोनेक वर्षं सूर्य कलला की धड दिसत नव्हतं. हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

त्यांची फळबाग ओढ्याच्या पलीकडे, चढावर होती. दुपारी जायचं, झाडांना पाणी द्यायचं आणि संध्याकाळी परतायचं. परतताना काकू शेजारी बसून तोंडाचा पट्टा सोडायच्या. वळणावरच्या घराला रंग काय भडक दिलाय हो, असं त्या म्हणाल्या की वळण आलं. खड्डा केवढा पडलाय, कोणी बुजवत कसं नाही, असं म्हणाल्या की गाडी उजवीकडे घ्यायची. आणि ओढ्यावरची अरुंद मोरी जवळ आली की ठरलेलं वाक्य यायचं, या मोरीला कठडा बांधायला हवा, अर्ज करू या. म्हणजे हळू. काका वैतागून म्हणायचे, जरा गप्प बसशील का, आणि अगदी बरोबर तिथे हळू करायचे. नवऱ्याला काही कळू न देता आपण त्याला घरी आणतो, याचा काकूंना मनातून थोडा अभिमानही होता.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकायचं. काकूंनी एकदा नुसता डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढून पाहिला होता. काका पुढे कितीतरी दिवस घुम्यासारखे वागले आणि मग म्हणाले, डोळ्यांना काय धाड भरलीय, थोरलीचे दिवे मेलेत. ते खोटंही नव्हतं. दिवे खरंच पिवळे आणि मरतुकडे झाले होते. त्यामुळे दोघांची सोय झाली. काकांना दोष द्यायला दिवे मिळाले आणि काकूंना गप्प बसायला कारण.

मग गेल्या महिन्यात त्या ओढ्याच्या रस्त्यावर बिनदिव्याची हातगाडी घेऊन एक माणूस आडवा आला. हातगाडीबद्दल सहज काय बोलायचं हे काकूंना सुचेना, नुसतं "अहो" तोंडातून निघालं. जीप हातगाडीच्या इतक्या जवळ थांबली की त्या माणसाने बॉनेटवर हात टेकला. घरी आल्यावर काकांनी लेकीला फोन करून दिव्यांची यथेच्छ निंदा केली. लेक गुणाची, तिने लगेच दिवे मागवले. वर सांगितलं की रविवारी आम्ही येतोय, आणि नातीने आत्तापासून जाहीर केलंय, आजोबांच्या शेजारी पुढे मीच बसणार. सगळ्यांनी थोरलीतून बागेत जायचं आणि नवे दिवे बघायचे म्हणून अंधार पडल्यावरच परत यायचं.

काकूंची झोप उडाली ती तेव्हा. नात पुढे म्हणजे काकू मागे, आणि थोरलीचं इंजिन असं की मागच्या माणसाने कितीही घसा फोडला तरी पुढे काही ऐकू जात नाही. त्यात दिवे नवे, म्हणजे काका जोरात हाणणार. रात्रभर काकू या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. शेजारी काका छान घोरत होते, त्याचाही त्यांना राग आला.

शनिवारी दुपारी दोघं खोका घेऊन वायरमनच्या गॅरेजात गेली. हा वायरमन बोलका होता, इतका की ओठांत स्क्रू धरूनसुद्धा बोलायचा. दिवे बसणारच नाहीत, माप चुकलं असेल, ही काकूंची शेवटची आशा. ते दिवे जुन्या खोबणीत असे चपखल बसले की वायरमन स्वतःवरच खूश झाला. काकूंनी विचारलं, एवढ्या जुन्या गाडीला हे सोसतील का? तो म्हणाला, सोसतील, पण जुनी वायर नाही सोसणार, निम्मा करंट वाटेतच मरतोय तिच्यात. बॅटरीपासून नवी जाड वायर ओढतो आणि मध्ये रिले टाकतो. काकूंनी विचारलं, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर नाही का येणार? त्याला वाटलं, काकूंना या विषयात भलताच रस आहे. त्याने भिंतीवर प्रकाश पाडून दिव्यांची उंची कशी लावतात ते इत्थंभूत सांगितलं. काकूंनी मान डोलावली. त्यातलं अक्षरही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

त्यांना बसवत नव्हतं. स्टुलावर बसल्या, उठल्या, फाटकापर्यंत जाऊन आल्या, पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. टायरच्या ढिगावर एक मांजर झोपलं होतं, त्याला उगाच उठवलं. काका मात्र थोरलीच्या पुढ्यात खुर्ची टाकून ऐटीत बसले होते आणि वायरमनला डोंगरावरच्या काठीची गोष्ट सांगत होते. काकूंना वाटलं, ओरडून सांगावं सगळं इथल्या इथे. मग काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मूग गिळून पुन्हा फाटकापर्यंत गेल्या.

ऊन उतरल्यावर वायरमनने जीप समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. म्हणाला, गाडीत नेहमी जेवढं वजन असतं तेवढंच हवं, तुम्ही दोघंही नेहमीच्या जागी बसा. दोघं बसली. दिवे लागले आणि अख्खी भिंत पांढरीफटक झाली. विटांमधला चुनासुद्धा मोजता आला असता.

"काका, तिथून सांगा," वायरमन बॉनेटवर वाकून म्हणाला. "दोन्ही दिवे रेघेखाली आहेत ना?"

"एकदम रेघेखाली," काका म्हणाले.

डाव्या दिव्याचा उजेड रेघेच्या चांगला वीतभर वर होता. काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, हळूच, पाठ खाजली म्हणावं तितक्या सहज, की भिंतीची डावी बाजू जरा जास्तच उजळलीय नाही का?

"डावा वर आहे," काका लगेच म्हणाले. "खाली घे."

"काकांची नजर म्हणजे नजर," वायरमन म्हणाला आणि स्क्रू फिरवू लागला.

काका हसले नाहीत. एरवी असल्या शब्दांवर ते दिवसभर फुललेले असायचे. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि स्टिअरिंगवर अंगठा घासत होते. काकूंना मात्र स्वतःचीच चीड आली. आपण हे काय करतोय, उद्या आपल्या जागी लेकराला बसवायचंय आणि आज आपण यांच्या खोट्याला टेकू देतोय. वायरमन हात पुसायला गेला तेवढ्यात त्यांनी ठरवून टाकलं.

"मी मागे बसते," त्या म्हणाल्या. "उद्या मागेच बसायचंय. बघू तरी, किती धक्के बसतात."

काकांनी आरशातून मागे पाहिलं. निघताना म्हणाले, बागेतलं पाणी बंद करायचं राहिलंय, तिकडून होऊन येऊ. काकूंनी आता माघार घेतली तर उद्याही घ्यावी लागली असती. त्यांनी मागच्या बाकाची कड घट्ट धरली.

गावाबाहेर पडेपर्यंत रस्त्यावर दिवे होते, तिथपर्यंत ठीक चाललं. पुढे कच्चा रस्ता लागला आणि काकूंना पहिल्यांदा कळलं की चांगले दिवे म्हणजे काय. दगड न् दगड दिसत होता. बांधावरचं गवत, कुंपणाची तार, वळणावरचं ते भडक घर, सगळं मागच्या बाकावरूनसुद्धा लख्ख. त्या जीभ दाताखाली धरून बसल्या होत्या. वळण आलं. जीप थोडी उशिरा वळली, एक चाक गवतात गेलं आणि परत रस्त्यावर आलं. खड्डा आला तो सरळ चाकाखालीच आला आणि काकू बाकावरून उडाल्या. काका जोरात हाणतील असं त्यांना वाटलं होतं. पण थोरली हळू होत होती, आणखी हळू, आणि मग माणूसही चालत पुढे जाईल इतकी हळू.

शेवटी ती थांबली. काकांनी इंजिन बंद केलं. दिवे चालूच होते. ओढ्याच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"मोरी आली का?" काकांनी विचारलं.

मोरी समोर होती. तिच्या तोंडाशी चुना लावलेले दोन दगड प्रकाशात झगझगत होते. हातगाडीवाल्या दिवशी काकूंचं काळीज जेवढं हललं नव्हतं तेवढं त्या प्रश्नाने हललं.

"आली," त्या म्हणाल्या. "समोरच आहे."

"किती लांब?"

"मध्ये अजून एक जीप मावेल, एवढी."

काका बराच वेळ काचेतून बघत राहिले. आयुष्यभर अंतरं मोजलेला माणूस एक जीपभर अंतर शोधत होता, आणि काकूंना ते बघवेना. त्यांनी मान खाली घातली आणि डोळे पुसले. मागच्या बाकावर रडलेलं कोणाला दिसणार नव्हतं.

"दिवे चांगले बसवलेत त्याने," काका म्हणाले. "आधी काळं दिसायचं. आता पांढरं दिसतंय. एवढाच फरक."

"अहो, मोतीबिंदू असेल. काढून टाकतात आता."

"असेल. सोमवारी जाऊ." मग म्हणाले, "तूच ने मला."

असं म्हणून ते खाली उतरले. बॉनेटला हात लावत, दिव्यांच्या समोरून, मोठी सावली पाडत पलीकडे गेले आणि काकूंच्या जागेवर जाऊन बसले. ती जागा त्यांना अपुरी पडली, गुडघे समोर टेकले. काकू मागेच बसून होत्या, त्यांना काही उमगेना.

"ये की पुढे," काका म्हणाले. "उद्या तूच चालवायची आहेस. पोरीला तुझ्या शेजारी बसव, मी मागे बसेन."

लायसन्स होतं, नाही असं नाही. तरुणपणी काकांनीच शिकवायला घेतलं होतं. एकदा गिअर करकरला तेव्हा ते असे खेकसले होते की काकूंनी भर रस्त्यात गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. लायसन्सची मुदत मात्र काका दर वेळी स्वतःच्या जोडीला त्यांचीही वाढवून आणत, आणि का आणता असं काकूंनी कधी विचारलं नव्हतं.

त्या पुढे येऊन बसल्या. पाय पोचेनात, म्हणून पिशवी पाठीशी घेतली.

"ओरडलात तर इथूनच चालत जाईन," त्या म्हणाल्या.

"मग मला घरी कोण नेईल?" काका म्हणाले. "क्लच दाब. पूर्ण. किल्ली फिरव. आता पहिला."

गिअर करकरला. चांगलाच करकरला. काकांनी स्वतःचा गुडघा घट्ट आवळून धरला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. काकूंनी पुन्हा क्लच दाबला. या वेळी गिअर पडला. थोरलीने एक आचका दिला आणि दिव्यांच्या उजेडात चुन्याचे ते दोन दगड हळूहळू जवळ यायला लागले.

काका समोर बघत होते, जिथे त्यांना सगळं पांढरं दिसत होतं तिथे.

"या मोरीला कठडा बांधायला हवा," ते म्हणाले. "अर्ज करू या."

काकूंनी वेग कमी केला.