पूररेषेबाहेरची बोट

बोरसांगावला बोट आली ती फेब्रुवारीत, म्हणजे पंचगंगेत म्हशीसुद्धा नीट बुडत नाहीत अशा दिवसांत. सरकारी पैसा असाच येतो. आपत्तीच्या पूर्वतयारीचा निधी म्हणे, आणि तयारी सुरू झाली आपत्ती येऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. पण आली हेही नसे थोडके. पहिल्या हप्त्यात नारिंगी रबरी बोट, तिचं इंजिन, लाइफ जॅकेटांचा ढीग आणि या सगळ्याला राहायला पत्र्याची शेड असं मिळालं. निधीच्या अटीत म्हटलं होतं की साहित्य पूररेषेच्या बाहेर ठेवावं. सरपंच अमरसिंह यांनी अट तंतोतंत पाळली. महापुरातही जिथं थेंबभर पाणी पोचलं नव्हतं अशा उंचावर, ग्रामपंचायतीला लागून त्यांनी शेड बांधली आणि बोट आत ठेवून कुलूप लावलं. गावानं टाळ्या वाजवल्या. बोट पुरापासून सुरक्षित झाली.

आता गाव कसं आहे ते सांगायला हवं. कोल्हापुरातून केएमटीची बस गावाच्या तोंडाशी सोडते, ते गावठाण. तिथून उताराला लागलं की ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे नदीच्या अंगाला बौद्धवस्ती. उन्हाळ्यात ओढा म्हणजे नुसती वाळू, त्यात अडकलेल्या पिशव्या आणि पोरांची क्रिकेटची स्टंपं. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की तिचं पाणी पहिल्यांदा याच ओढ्यातून उलटं आत घुसतं आणि वस्ती गावापासून तुटते. पूर येतो वस्तीत, आणि बोट होती गावठाणात. हे सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होतं, आणि डोळ्यांसमोरच्या गोष्टीकडे बघायची सवय गावाला नव्हती.

बघत होती ती एकटी मीनाबाई. शाहूपुरीतल्या मुलींच्या वसतिगृहात ती सकाळ-संध्याकाळ चपात्या लाटते. तिचा नवरा बाबासो वस्तीतल्या बुद्धविहाराची देखभाल करायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरनं वस्ती हलवली तेव्हा तो मागे राहिला. विहारातली मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर माळ्यावर चढवतो आणि पुढच्या खेपेला येतो म्हणाला. पुढची खेप झालीच नाही. पाणी चढलं तसा तो विहाराच्या पत्र्यावर जाऊन बसला. दुपारी शहरातून बचाव पथकाची एक बोट आली खरी, पण गावठाणाच्या बाजूला. ओढ्याला अशी ओढ होती, वरून विजेच्या तारा आणि खालून बुडालेल्या बाभळी, की जवानांना बोट त्यात घालता येईना. बाबासो फोन करायचा आणि एवढंच विचारायचा, "निघाली का?" मीनाबाई त्या बोटीला खेटूनच उभी होती. आजूबाजूची माणसं तिला खुणावायची, धीर दे, धीर दे. मग ती म्हणायची, "निघाली, निघाली." संध्याकाळी विहाराची मागची भिंत बसली आणि फोन लागायचा थांबला.

तेव्हापासून मीनाबाईला काही वाटत नव्हतं. हे असं सरळच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक दुःखाला उगीच रंग देत बसतात. तिला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं. बधिर झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसे दिवस ती काढत होती. हवी अशी एकच गोष्ट उरली होती. पाऊस सुरू व्हायच्या आत बोट ओढा ओलांडून वस्तीत यायला हवी होती. लेक श्रुती तिच्याजवळ राहत होती, श्रुतीची मुलगी नुकती चालायला लागली होती. ग्रामसभेत मीनाबाई दोनदा उठून हे बोलली. दोन्ही वेळा सरपंच "बघू" म्हणाले. आमच्याकडे नाही म्हणायला जीभ जड होते, म्हणून हा शब्द निघाला आहे.

मेच्या अखेरीस सरपंच आपण होऊन तिच्या दारात आले.

"काकी, सोमवारी पुराची रंगीत तालीम हाय. तालुक्याच्या मॅडम येणार, शूटिंग करून वर पाठवणार. त्याच्याबिगर दुसरा हप्ता सुटत न्हाय बघा."

"मग?"

"पुरात अडकलेलं माणूस पायजे की एक. तुम्ही विहाराच्या स्लॅबवर बसायचं. एक फोन करायचा. बोट आली की 'वाचवा, वाचवा' म्हणून जरा आरडायचं आन् उतरायचं."

श्रुती आतून ताडकन बाहेर आली. "दादा, जनाची न्हाय तर मनाची तरी ठेवा की. त्याच जागंवर आईला बसवताय व्हय?"

"आगं, तवा पत्रा हुता. आता पिलर घेऊन स्लॅब टाकलाय. त्यो पडत न्हाय," सरपंच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं की श्रुतीला बांधकामाची काळजी आहे.

"बसते मी," मीनाबाई म्हणाली. "पर बोट पावसाळ्याभर हितं ठेवा."

"बघू की. आदी तालीम तर हुंदे."

सोमवारी गावठाणात मांडव पडला. तालुक्याच्या आपत्ती विभागातल्या आदिती मगदूम मॅडम वेळेवर आल्या. हातकणंगल्याकडच्या शेतकरी घरातली तरुण मुलगी, गावोगावच्या तालमी करून उन्हानं रापलेली. बोटीवर झेंडूचा हार चढवला होता. बोट उचलायला चौघं, इंजिन बांबूला बांधून न्यायला दोघं, आणि हे सहाही जण वस्तीतले. ओझं उचलायचं म्हटलं की गावाला वस्तीची आठवण पहिल्यांदा होते. त्यांच्यात पुढे होता तो प्रसेनजीत, मालट्रक चालवणारा आडदांड गडी. बोट चालवायचं शिक्षणही यांनीच घेतलं होतं.

मीनाबाई शिडीनं स्लॅबवर चढली आणि बसली. ऊन चटके देत होतं. समोर ओढ्यापलीकडचा मांडव लख्ख दिसत होता, माणसं ओळखता येत होती. तिला वाटलं, काहीतरी होईल आपल्याला इथं, चक्कर येईल, हुंदका फुटेल. श्रुती खाली त्याच भीतीनं उभी होती. काही झालं नाही. एक कावळा आला आणि गेला.

भोंगा वाजला. ठरल्याप्रमाणे मीनाबाईनं सरपंचांना फोन लावला. शूटिंगसाठी त्यांनी फोनचा स्पीकर सुरू ठेवला होता.

"निघाली का?"

"निघाली, निघाली! धीर धरा!" सरपंच कॅमेऱ्याकडे बघून खणखणीत म्हणाले.

बोट जमिनीवर होती. नारळ फोडायचा होता, आणि नारळ फोडायला बोलावलेले पंचायत समितीचे सदस्य अजून वाटेत होते. नवी वस्तू नारळाशिवाय हलवायची नाही, आणि पाहुण्याशिवाय नारळ फोडायचा नाही, ही आपली रीत. मीनाबाईला सगळं दिसत होतं. तिनं पुन्हा फोन लावला.

"निघाली का?"

"निघाली की काकी, आता एकदा बोलून झालंय तुमचं."

तिनं तिसऱ्यांदा लावला. "निघाली का?" आवाजात काही नव्हतं, ना विनवणी, ना चेष्टा. बसची वेळ विचारावी तसं ती विचारत होती. बाबासोचे ते फोन गावातल्या पुष्कळांनी त्या दिवशी तिच्या शेजारी उभं राहून ऐकले होते. कुणीतरी मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमनी नारळ स्वतःच उचलला, दगडावर आपटला आणि म्हणाल्या, "उचला आता."

सहा जणांनी बोट आणि इंजिन उचललं, कोरड्या ओढ्यातून वाळू तुडवत, मध्ये कुठंही न टेकता थेट विहाराच्या दारात आणून ठेवलं. मागोमाग मॅडम, सरपंच, कॅमेरावाला आणि अर्धं गाव आलं.

"आरडा की काकी!" कॅमेरावाला म्हणाला.

मीनाबाई ओरडली नाही. ती स्लॅबच्या कडेला येऊन मॅडमना म्हणाली, "बाई, ओढा आता वाळका हाय म्हणून आली ही. पाणी आल्यावर येत न्हाय. त्या साली बी अशीच पल्याड हुती. मी तिच्याजवळच हुभी हुते."

मॅडम ओढ्याकडे बघत राहिल्या. मग सरपंचांकडे वळल्या. "बोट या बाजूला का नाही ठेवली?"

"मॅडम, अट हाय न्हवं? पूररेषेच्या भाईर पायजे. हितं ठेवली आन् पूर आला तर पाण्यात जाईल की!"

"बोट बुडती व्हय?" मीनाबाईनं वरून विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. एवढ्या बैठका झाल्या, शेडचं उद्घाटन झालं, पण बोट पाण्यावर तरंगते हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. सगळ्यांनी ती सिमेंटच्या पोत्यांसारखी कोरडी ठेवायची वस्तू धरली होती.

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "मावशी, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या, "पण अट वरून आली आहे. मी कळवते. तोवर शेडमध्येच ठेवावी लागेल, कधीही तपासणी येऊ शकते. तुम्ही उतरा, एवढं पूर्ण करू. हप्ता अडायला नको."

मीनाबाई शिडीनं उतरली. प्रसेनजीतनं तिला जॅकेट घातलं आणि बोटीत बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कॅमेरा बंद झाला. सरपंचांनी घाम पुसला आणि हात वर केला. "चला रं पोरांनो, बोट शेडात न्या."

प्रसेनजीत बोटीशेजारी वाळूत फतकल मारून बसला.

"खांद्यात जोर न्हाय दादा आता."

"आरं, आत्ता एका दमात आणलासा की!"

"आणाय हुता. न्ह्याला न्हाय." बाकीचे पाच जणही बसले. "तुमची माणसं हायत की एवढी. त्यास्नी उचलाय सांगा. न्हाय तर ओढ्याला पाणी येऊ द्या, मी सोता चालवत आणून देतो."

गावठाणातली माणसं आपापल्या पांढऱ्या इस्तरीच्या कपड्यांकडे आणि बोटीकडे आळीपाळीनं बघू लागली. एकही पुढं आला नाही. सरपंच मॅडमकडे बघत होते. वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून होती, मॅडम ती बघत होत्या.

"राहू दे इथंच," शेवटी त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर मी सांगितलंय म्हणा." आणि पुढच्या गावच्या तालमीला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या.

वस्तीत त्या संध्याकाळी सणासारखं वातावरण होतं. प्रसेनजीतनं बोट विहाराच्या खांबाला जाड दोरानं बांधली, मुलांनी वर ताडपत्री घातली, कुणीतरी चहा करून फिरवला. जो तो येऊन मीनाबाईला म्हणत होता, लय भारी बोललीस. ती मान हलवत होती.

सगळे पांगल्यावर श्रुती मुलीला कडेवर घेऊन आली. आई बोटीजवळ खाली बसली होती. तिची नजर ओढ्यावर होती. गावठाणातला मांडव उतरवणारी माणसं तिथून स्पष्ट दिसत होती, त्यांचं बोलणंही ऐकू येत होतं.

"आई, तुज्या मनासारकं झालं की," श्रुती म्हणाली. "आता तरी काय वाटतंय का तुला?"

मीनाबाईनं थोडा वेळ खरोखरच मनात शोधून बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. मग तिनं वाळूत उमटलेल्या त्या सहा जणांच्या पावलांकडे हात केला. "एवढंच हुतं व्हय गं? सहा माणसांचं काम?"