भाग दोन, सोमवार-बुधवार

जुलैच्या शेवटच्या सोमवारी झेनोबिया टार्पलीबाईंच्या टेबलावर एक यादी येऊन पडली, आणि तेव्हापासून बाईंचं एका जागी बसणं संपलं. यादी दरवर्षीचीच. ज्या वर्गात बारा नावं भरत नाहीत, तो वर्ग शुक्रवारी दुपारी बाराला रद्द. सातव्या ओळीत लिहिलं होतं : शरीररचना भाग दोन, संध्याकाळचा वर्ग, नावं नऊ.

त्या नऊतलं एक नाव अर्लीन मॉस्बीचं होतं. अर्लीन शाळेची पिवळी बस चालवते. पहाटे पाचला चावी फिरवायची, ती दुपारी चारला मोकळी व्हायची. तिला नर्स व्हायचंय. नर्सिंगचा नियम असा, की शास्त्राचा विषय पाच वर्षांहून जुना झाला की तो धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून शिका. अर्लीनचा भाग एक येत्या मे महिन्यात पाच वर्षांचा होणार होता. भाग दोनचा संध्याकाळचा वर्ग फक्त शरदाच्या सत्रात, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर, असतो, आणि गेली चार वर्षं तो शेवटच्या आठवड्यात रद्द होत आला होता. यंदा रद्द झाला की तिची सगळी मेहनत वाहून जाणार.

आणि तिला दरवर्षी त्या वर्गात कोण पाठवत होतं? टार्पलीबाईच.

मिसिसिपीच्या सपाट मुलखातल्या, कापसाच्या शेतांमधल्या या दोन वर्षांच्या कॉलेजात बाई सल्लागार विभागाच्या प्रमुख. पूर्वी इथे सल्ला म्हणजे काय, तर नोंदणीच्या दिवशी व्यायामशाळेत टेबलं मांडायची आणि ज्याची रांग आखूड त्याच्याकडून सही घ्यायची. बाईंनी ती पद्धत मोडली. प्रत्येक मुलाने, प्रत्येक बाप्याने, प्रत्येक आजीने सल्लागारासमोर बसून पुढच्या चारही सत्रांचा आराखडा लिहायचा, तो हिरव्या फायलीत ठेवायचा. यासाठी त्या सहा वर्षं भांडल्या. प्राध्यापक कुरकुरले, मग वळले. शेजारच्या जिल्ह्यांतून लोक बघायला आले, बाईंना मानाची लाकडी पाटी मिळाली. ती भिंतीवर होती. सोमवारपासून बाई तिच्याकडे पाठ करूनच फिरत होत्या.

मंगळवारी त्यांनी आठशे फायली काढल्या. भाग दोन संध्याकाळी हवा असं लिहिलेले किती? एकवीस. मग नावं नऊच का?

"कठीण विषय आहे हो बाई," जीवशास्त्राचे ऑगबर्नसर म्हणाले. "नोकरी करणाऱ्या माणसाला झेपत नाही. लिहिताना लिहितात, मग घाबरतात."

"भाग एकला नाही घाबरत? तो वसंतात, जानेवारीपासून, संध्याकाळीच असतो. तिथे तर उभं राहायला जागा नसते."

"एक वेगळा, दोन वेगळा." सरांनी गार चहातला बर्फ ढवळला. "तुम्ही जरा बसा. तुमच्या येरझारांनी मला चक्कर येतेय."

बाई बसल्या आणि लगेच उठल्या. उरलेल्या बाराही जणांना त्यांनी फोन केले. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. कुणी म्हणालं, घरचं जमत नाही बाई. सगळे गोड बोलले आणि कुणी काही सांगितलं नाही. तिघांचे फोन लागलेच नाहीत.

बुधवारी संध्याकाळी बाई चर्चला गेल्या. बुधवार म्हणजे बायबल-वाचन. या गावात त्या संध्याकाळी न्हाव्याचं दुकानसुद्धा बंद असतं. फोन न लागलेल्या तिघांपैकी कुणी तिथे भेटलं तर बरं, एवढाच बाईंचा विचार. पाद्रीबुवा ज्युबल स्पाइट्स यांच्या गळ्यात देवाने पुंगीच बसवलेली. बुधवारी नुसतं वाचायचं, समजावायचं असा रिवाज, पण बुवांना कुठलं राहवतंय. बोलता बोलता शब्द लांबायला लागले, श्वास ठेक्यावर पडायला लागला, ऑर्गनवाल्याने हळूच एक सूर धरला आणि प्रवचनाचं गाणं झालं.

"मेज मांडलंय," बुवा गायले.

"मांडलंय," लोक म्हणाले.

"प्रत्येकाच्या ताटावर नाव लिहिलंय."

"सांगा बुवा, सांगा."

"पाहुणा आला, बसला, रुमाल पसरला. आणि आत, माझ्या बाळांनो, आत चूल पेटवलेलीच नाही."

एरवी बाई अशा ठिकाणी डोळे मिटून डोलायच्या. बुवांचा सूर चढला की त्यांच्या जिवाला थंडावा मिळायचा. आज सुराने थंडावा दिला नाही, टोचलं. डोळे मिटेनात, म्हणून त्या बाकांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या बाकावर मलिसा ग्रूम्स, जिचं घरचं जमत नव्हतं. तिच्यामागे पुढच्या वर्षी बघणारा ओटिस टिल्मन, शेजारी बायको. खिडकीशी फोन न लागलेले तिघं, एका ओळीत. बाईंनी मोजलं. फायलीतल्या बारांपैकी आठजण इथेच होते. उरलेले चौघं पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये असणार, कारण या गावात बुधवारी संध्याकाळी माणूस दुसरीकडे कुठे असतो?

वाचनानंतर खाली जेवण होतं. तळलेल्या माशाच्या रांगेत बाईंनी अर्लीनला गाठलं.

"अर्लीन, भाग दोनचा वर्ग कुठल्या वारी असतो?"

"सोमवार-बुधवार. हे तुम्ही मला विचारताय?" अर्लीन हसली.

"मग तू नाव कसं दिलंस?"

"मी बुवांना सांगून टाकलं, ऑगस्टपासून गायनमंडळात मी नाही. देवाला म्हटलं, डिसेंबरापर्यंत मला सूट दे, पुढे दुप्पट गाईन." ती जरा थांबली. "पण सगळ्यांना नाही हो जमत असं. मलिसाची आई वाचन चालवते. ती काय सांगणार आईला?"

"मला का नाही सांगितलं कुणी? मी फोन केले सगळ्यांना."

"तुम्ही दर बुधवारी पहिल्या बाकावर असता बाई. आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत असून तुम्ही वर्ग ठेवलाय. मग तुमच्यापुढे रडगाणं कसं गायचं?"

बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आराखड्यात सत्र लिहायची जागा होती, वार लिहायची नव्हती. तो कागद त्यांनीच आखला होता.

गुरुवारी आठच्या आधी त्या वेळापत्रकाच्या खोलीत पोचल्या. तिथले डेल्मर फिच पंधरा वर्षं वेळापत्रक करतात.

"भाग दोनला बुधवार कुणी दिला?"

"पेटिससरांनी असेल. पाच वर्षं झाली त्यांना निवृत्त होऊन. मंगळवार-गुरुवार ते मासे धरायला जायचे, आणि चर्चची पायरी काही त्यांनी चढली नाही कधी. तेव्हा सहा डोक्यांवरही वर्ग चालायचा. बाराचा नियम नंतरचा."

"मग सर गेल्यावर बदलला का नाहीत?"

"मी वार ठरवत नाही हो. जानेवारीत मागच्या वर्षाचं उतरवतो आणि साल बदलतो." फिच खरंच दुखावले होते. "बुधवारी मी स्वतः वाचनाला असतो. पण ते कागदावर बघताना डोक्यात येत नाही."

"माझ्या तरी कुठे आलं," बाई म्हणाल्या.

उपप्राचार्य क्विन यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. "वेळापत्रक एप्रिलातच जाहीर झालंय. आज तुमचा वार बदलला, तर उद्या माझ्या दारात रांग लागेल."

"लागू द्या. चार वर्षं कुणी आलं नाही, म्हणून तर हे झालं."

"आणि शिकवणार कोण?"

"इस्पितळातल्या पर्नेलबाई. त्यांना सकाळीच विचारलं. म्हणाल्या, मंगळवार-गुरुवार असेल तर उद्यापासून येते. बुधवारला त्यांनीही दोनदा नाही म्हटलं होतं. कारण कुणी विचारलं नाही."

क्विननी यादी पुढे ओढली. "उद्या बारापर्यंत बारा नावं. एकही कमी असेल तर मी सही करणार नाही. आणि टार्पलीबाई, कृपा करून बसा जरा."

बाईंनी उभ्यानेच फोन लावायला सुरुवात केली. मलिसा म्हणाली, मंगळवार? खरंच? आणि फोनवरच रडायला लागली. ओटिसने बायकोला हाक मारून सांगितलं. दुपारी तीनपर्यंत सतरा नावं झाली. वार बदलला असं एकदा म्हणायचं, एवढंच काम होतं. एका गुरुवारचं काम. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण तो सोपेपणाच त्यांना बोचत राहिला.

मग त्यांनी मागच्या चार वर्षांच्या याद्या काढल्या आणि त्यांतल्या लोकांनाही फोन लावले. दोघं गाव सोडून गेले होते. व्हर्टिस कॉली नावाची बाई कोंबड्यांच्या कारखान्यात लागली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा भाग एक मे महिन्यातच जुना झाला बाई. आता पुन्हा पहिल्यापासून करायचं बळ नाही. पण बाकीच्यांचं झालं, बरं झालं."

"चूक माझी होती, व्हर्टिस."

"असू द्या. तुम्ही फोन तरी केलात."

शुक्रवारी क्विननी सही केली. बाईंनी यादी उचलली नाही, तिथेच ठेवली.

"अजून काय?"

"येत्या जानेवारीत फिचनी साल बदलायचं नाही. आधी मी हिरव्या फायली आणीन, प्रत्येकाच्या वारासकट. त्यावरून वेळापत्रक करायचं. कोऱ्या कागदावर."

"अख्खं? प्राध्यापक मला जिवंत ठेवतील का?"

"त्यांच्यापुढे पहिल्यांदा मीच उभी राहीन. माझ्यामुळे कितीजण घरी गेले ते नावांनिशी वाचीन. मग त्यांना काय बोलायचं ते बोलू देत."

क्विननी डायरी ओढली. त्यांनी जानेवारीचं पान काढून त्यावर बाईंचं नाव लिहिलं.

ऑगस्टातल्या तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहाला प्रयोगशाळेचे दिवे लागले. बाई दाराबाहेर उभ्या होत्या. अर्लीन जेवणाचा डबा काखेत धरूनच आली. गणवेशही बदलला नव्हता.

"तुम्ही काय राखण करताय का आमची? जा घरी."

"जाते. उद्या गाणार आहेस ना?"

"गाणार म्हणजे काय. बुवांनी एकटीचं कडवं दिलंय." ती आत गेली आणि पहिल्या टेबलाशी बसली.

पर्नेलबाईंनी हजेरी सुरू केली. दाराबाहेर टार्पलीबाईंनी सतरा वेळा 'हजर' ऐकलं. व्हर्टिस कॉलीचं नाव त्या यादीत नव्हतं, तरी बाईंचे कान त्याची वाट बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून वेळापत्रक काढलं आणि कॉरिडॉरच्या उजेडात पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, एकेका ओळीपुढे वार तपासत. तिसऱ्याच ओळीवर त्या थांबल्या. हिशेबशास्त्र, शनिवार सकाळ. शनिवारी सकाळी कारखान्याची पाळी असते.

भिंतीला पाठ टेकून त्यांनी कारखान्यात काम करणाऱ्यांची नावं लिहायला घेतली.